देवाच्या गालावरचं सिलिकॉन

लोकांना केस चमकवायचे असले की ते दुकानात जाऊन बोटभर बाटली घेऊन येतात. बाटलीवर बदामाचं चित्र असतं, नाहीतर कुठल्याशा वाळवंटातल्या झाडाचं. आत असतं सिलिकॉन तेल. गाडीचा डॅशबोर्ड चमकवायला फवारा आणतात, त्यातही सिलिकॉन तेल. व्यायामशाळेत ज्या पट्ट्यावर जागच्या जागी धावतात, त्या पट्ट्याखाली तेच. वेफर तळायच्या मोठ्या कढईत फेस येऊ नये म्हणून किंचित टाकतात तेही तेच, म्हणजे ते सगळ्यांच्या पोटातूनसुद्धा फिरून आलेलं आहे. आणि हीच मंडळी लग्नाच्या पंगतीत माझ्या शेजारी बसून सांगतात, "तुम्ही केमिकलवाले ना? आमच्याकडे बाई केमिकल अजिबात नाही." सांगणारीचे केस मांडवातल्या दिव्यांखाली चकाकत असतात. मी मुकाट्याने जिलबी खातो.

एकतीस वर्षं मी माणगावच्या बाजूला एका कंपनीत हे तेल तपासत होतो. बनवणारे वेगळे, विकणारे वेगळे, मी तपासणारा. दाटपणा किती, पाण्याचा अंश किती, रंग आहे का, वास आहे का. तपासणाऱ्याला एक खोड लागते. समोरचा चुकलेलाच आहे असं धरून तो बोलायला सुरुवात करतो. बायको म्हणते, "तुम्ही भाजीचीसुद्धा परीक्षा घेता." घेतो. बहुतेक वेळा भाजी नापास होते.

तेल म्हटलं की लोकांना वाटतं, कशाच्या तरी बिया पिळल्या असतील, नाहीतर जमिनीतून उपसलं असेल. हे तेल वाळूतून येतं. रेवदंड्याच्या किनाऱ्यावर फोटो काढायला येणाऱ्या पाहुण्यांना मी हे सांगून बघितलं, ते हसले आणि शहाळं प्यायला गेले. पण खरं तेच आहे. गारगोटीची शुद्ध वाळू कोळशाबरोबर भट्टीत घालून तिच्यातला ऑक्सिजन काढून घेतात, मागे राहतो करडा, चमकणारा सिलिकॉन. त्याची भुकटी करून तिच्यावरून एक वायू सोडतात, की धुमसणारा, नाकाला झोंबणारा द्रव मिळतो. तो पाण्यात घातला की आम्ल सुटतं आणि साखळ्या तयार होतात. एक सिलिकॉन, एक ऑक्सिजन, पुन्हा सिलिकॉन, पुन्हा ऑक्सिजन. प्रत्येक सिलिकॉनच्या दोन्ही अंगांना कार्बन-हायड्रोजनचा एकेक झुबका. साखळी आखूड असली तर तेल पाण्यासारखं पातळ, लांब असली तर काकवीसारखं दाट. इतकी सोपी गोष्ट आहे. अलिबागच्या एका कॉलेजात मला हे सांगायला बोलावलं होतं, तेव्हा पहिल्या रांगेतला एकजण डोळे उघडे ठेवून झोपला होता.

या साखळीचा कणा वाळूचा आणि अंगावरचे कपडे तेलाचे. म्हणून ते तापवलं तरी सहसा बिघडत नाही, गारठवलं तरी सहज गोठत नाही, पाण्यात मिसळत नाही, कुणाशी भांडत नाही. आणि त्याचा सगळ्यात मोठा गुण म्हणजे पसरणं. टेबलाच्या एका कोपऱ्यात थेंब सांडला तर दुसऱ्या दिवशी दुसऱ्या कोपऱ्यात त्याचा थर असतो, डोळ्यांना न दिसणारा. त्या थरावर रंग बसत नाही, गोंद बसत नाही. पाणी तर थेंब होऊन बाजूला सरकतं. साबणाने एकदा धुऊन ते जाईल असं वाटणाऱ्याने खुशाल धुवावं.

कंपनीत असताना एकदा गाड्यांचे पत्रे रंगवणाऱ्या एका ग्राहकाने मला बोलावून घेतलं. त्यांच्या रंगात बारीक बारीक खड्डे पडत होते. रंग फवारला की जागोजाग गोल होऊन मागे सरकायचा आणि मधे उघडा पत्रा दिसायचा. त्यांनी रंग बदलला, फवारणी यंत्र बदललं, हवा गाळायच्या जाळ्या बदलल्या, आणि शेवटी एक पूजाही घातली होती. मी आत गेलो आणि पत्र्यांकडे बघितलंच नाही, माणसांकडे बघितलं. त्यांच्या मुकादमाचे केस बघण्यासारखे होते. दर पाच मिनिटांनी तो केसांवरून हात फिरवायचा आणि त्याच हाताने पत्रा गुळगुळीत आहे का ते चाचपायचा. अर्ध्या तासात माझं काम झालं. मी त्याला चारचौघांत विचारलं, "हे डोक्याला काय फासता?" आणि दारावर लावायला मोठ्या अक्षरांत सूचना लिहून दिली: केसांना, हातांना काहीही लावून आत येऊ नये. ही गोष्ट मी पुढे कित्येक वर्षं हसून सांगत होतो. त्या मुकादमाचा चेहरा कसा पडला, तेसुद्धा करून दाखवायचो.

निवृत्त झालो आणि चौलला घरी आलो. आमची नारळ-सुपारीची वाडी आहे, आणि वाडीच्या कडेला माझ्या मोठ्या चुलतभावाचा, म्हणजे दादाचा, गणपतीचा कारखाना. कारखाना म्हणजे लांबलचक पत्र्याची शेड. पेणहून शाडू माती येते, साचे आहेत, चार-पाच माणसं आहेत. आमच्याकडे अजून पाट द्यायची पद्धत आहे. नागपंचमीच्या आधी घरोघरचे लाकडी पाट दादाच्या शेडमध्ये येऊन पडतात, पाठीमागे खडूने घराची खूण केलेली असते, आणि त्या घरचा गणपती त्याच पाटावर घडतो. चतुर्थीला माणसं आपापला पाट ओळखून उचलून नेतात.

या गणपतींचे डोळे आत्या काढते. आत्या म्हणजे माझ्या वडिलांची सगळ्यात धाकटी बहीण. लग्न केलं नाही, गावच्या शाळेत चित्रकला शिकवली आणि दर श्रावणात शेडमध्ये बसून डोळ्यांची आखणी केली. मूर्तीचं बाकी सगळं दुसरे करतात. अंगाचा रंग, पितांबर, सोनेरी काम, हे सगळं फवाऱ्याने झटपट होतं. पण पापणीची रेघ, भुवई आणि बुबुळ ओढणारा हात सगळ्या शेडमध्ये एकच. गावात तिला मोठ्या बाय म्हणतात. लोक पाट देताना दादाला म्हणत, "डोळं मोठ्या बायंनीच काढायचं हां." दादा मान हलवायचा.

तिची एक रीत आहे. स्टुलावर बसली की ती आधी ब्रशला हात लावत नाही. उजवा तळवा मूर्तीच्या कपाळावर ठेवते आणि डोळ्यांच्या जागेवरून गालांपर्यंत सावकाश खाली आणते. "बघ हां नीट," असं पुटपुटते. मग ब्रशचं टोक नखावर फिरवून बारीक करते आणि एका दमात वरच्या पापणीची रेघ ओढते. मी तिला एकदा विचारलं होतं की हात कशाला फिरवतेस. म्हणाली, खाली कुठे खडा, कुठे उंचवटा आहे ते डोळ्यांना दिसत नाही, हाताला कळतं. आणि पुढे म्हणाली, "शिवाय कुणाचे डोळे काढायचे तर त्याला आधी सांगायला नको?" यातलं पहिलं कारण मला पटलं, दुसरं मी सोडून दिलं.

मी आलो त्या पहिल्या श्रावणात तिचे हात बघून मला चीड आली. माती, सफेदा, पाणी, पुन्हा माती. तळव्यांना भेगा, बोटांच्या पेरांवर चिरा, काही चिरांतून रक्त. घरात कोकमतेलाचा गोळा होता, पण ती तो लावत नव्हती. का, तर आखणीच्या दिवसांत हाताला स्निग्ध काही लावायचं नाही, रंगाला चालत नाही. गणपती गेले की लावायचं. पन्नास वर्षं ही बाई दर श्रावण-भाद्रपदात फाटक्या हातांनी काम करत होती, कशासाठी, तर म्हणे रंगाला चालत नाही. मला हे अडाणीपणाचं वाटलं. घरात एकतीस वर्षांचा अनुभव येऊन बसलेला असताना अशा गोष्टी मला सहन होत नाहीत.

मी स्वतः मलम केलं. सिलिकॉन तेल त्वचेला उत्तम. कातडीवर पातळ थर धरतं, पाणी आत जाऊ देत नाही, बाहेरचा खार लागू देत नाही, खाजत नाही, वास येत नाही. आमच्या कंपनीतल्या माणसांनाही तसलंच मिळायचं. मध्यम दाटपणाचं तेल माझ्याकडे होतं, थोडं मेण, थोडं पाणी, स्वयंपाकघरात बायकोचा मिक्सर. बायको दोन दिवस बोलली नाही. मलम मात्र लोण्यासारखं पांढरंशुभ्र झालं. चटणीच्या बरणीत भरून मी आत्याकडे घेऊन गेलो.

आत्याने बोटाला थोडं घेतलं, चोळलं, वास घेतला.

"याचा ओशटपणा राहतो का रे?"

"आत्या, हे तुझं कोकमतेल नव्हे."

"रंगाला चालेल?"

मी हसलो. आता आठवलं की तो हसण्याचा आवाज मला माझ्याच कानात ऐकू येतो. मी तिला प्रयोग करून दाखवला. एका हाताला खोबरेल चोळलं, दुसऱ्याला माझं मलम, आणि दोन्ही हात वर्तमानपत्रावर दाबले. खोबरेलाच्या हाताचा मोठा पारदर्शक डाग पडला. माझ्या हाताचा काहीच नाही. "बघितलंस? कागदालासुद्धा कळत नाही." आत्या तो कागद उजेडाकडे धरून बराच वेळ बघत होती. मग म्हणाली, "तुला माहीत." आणि तिने दोन्ही हातांना मलम लावून घेतलं. रोज सकाळी मी शेडमध्ये जाऊन विचारायचो, "लावलंस का?" आठ दिवसांत चिरा मिटल्या. तळवे मऊ झाले. तिने शेजारणीला हात दाखवले, "माझ्या भाच्याने केलं," म्हणून सांगितलं. मी छाती काढून चाललो.

मग आखणी सुरू झाली.

पहिल्याच मूर्तीला तिने हात फिरवला, "बघ हां नीट" म्हणाली, ब्रश टेकवला आणि रेघ ओढली. रेघ ओढता ओढताच तुटली. मुंग्यांची रांग विस्कटावी तसे काळे ठिपके झाले आणि प्रत्येक ठिपका आपल्या जागी गोळा होऊन बसला. आत्याने ओल्या फडक्याने पुसलं. पुन्हा हात फिरवला, पुन्हा रेघ ओढली. पुन्हा ठिपके. दुसरी मूर्ती, तिसरी मूर्ती, तेच. तिने ब्रश बदलला. रंगात डिंक वाढवला, मग पाणी वाढवलं. चष्मा पुसला. शेवटी डाव्या हाताने उजवं मनगट धरून रेघ ओढली. ती तर आणखीच वाईट आली.

शेडमध्ये सगळे कामात असल्यासारखं दाखवत होते आणि सगळे तिच्याकडे बघत होते. दादाने तिला रिक्षात घालून अलिबागला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टर म्हणाले, वयाच्या मानाने नजर उत्तम आहे. दादा गोंधळला. मी गोंधळलो नाही. तपासणारा माणूस गोंधळत नाही, तो निदान करतो. नजर चांगली, रंग तोच, ब्रश तोच, म्हणजे उरला हात. तिच्या अकराव्या फसलेल्या मूर्तीसमोर उभा राहून, पाचही माणसांच्या देखत, मी म्हणालो, "आत्या, हात थरथरत असणार. तुला कळत नसेल, पण थरथरतोय. बहात्तर वय काही कमी नाही. आता बास कर."

तिने माझ्याकडे बघितलं नाही. हात स्वतःच्या डोळ्यांसमोर धरला, बोटं पसरली आणि थरथर दिसते का ते बघत राहिली. मला तर ती दिसत नव्हती, पण मी तसं म्हणालो नाही. मग तिने ब्रश एकेक करून धुतले, फडक्यात गुंडाळले आणि पत्र्याच्या डब्यात ठेवले. चतुर्थीच्या आधी तो डबा बंद झालेला मी कधी पाहिला नव्हता.

दुसऱ्या दिवसापासून ती शेडमध्ये आली नाही. मागच्या पडवीत सूप घेऊन बसायची आणि तांदूळ निवडायची. निवडलेले तांदूळ पुन्हा निवडायची. आत्याला आखणीशिवाय दुसरं काही नव्हतं, हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं. तिला मूल नाही, तिचं म्हणून घर नाही, शाळा कधीच सुटली. वर्षातले हे वीस दिवस गाव तिच्याकडे यायचं. लोक मूर्ती नेताना आधी डोळे बघायचे आणि मग तिला नमस्कार करायचे. हे सगळं मी एका वाक्यात काढून घेतलं होतं, आणि वर मला वाटत होतं की कुणीतरी तिला खरं सांगायलाच हवं होतं.

दादाने पेणहून एक आखणीवाला आणला. तिशीचा गडी, कानात कायम फोनची वायर. त्याने काढलेले डोळे सिनेमातल्या नटाच्या डोळ्यांसारखे, भुवया तर अशा की देव आत्ता कुणाला तरी डोळा मारील. पण त्याची रेघ टिकली. नव्या मूर्तींवर त्याने सपासप हात चालवला. मग तो आत्याच्या फसलेल्या अकरा मूर्तींकडे वळला, आणि तिथे त्याचीही रेघ फुटली. त्याने पुसून पुन्हा काढली, पुन्हा फुटली. "कलर भंकस आहे तुमचा," असं दादाला सांगून तो चहा प्यायला निघून गेला. तोच कलर त्याने तासाभरापूर्वी दुसऱ्या मूर्तींवर वापरला होता, हे त्याच्या लक्षात यायचं कारण नव्हतं. माझ्या यायला हवं होतं.

आमच्याकडे अंगाचा रंग फवारणारा एक जुना माणूस आहे, रेवदंड्याचा. तो कंप्रेसर बंद करून माझ्यापाशी आला आणि हळूच म्हणाला, "बोलू नये, पण मोठ्या बायंचा हात लागला का रंग थारत न्हाय. मी बघतोय. ज्याला हात लागला न्हाय, त्याला काय व्हत न्हाय."

मला याच गोष्टीची चीड आहे. शिकली-सवरलेली माणसं पूजा घालून रंग सुधारायला जातात आणि न शिकलेली एका म्हाताऱ्या बाईचा हात अशुभ ठरवतात. मी त्याला उभा-आडवा झापला. "लाज वाटते का असं बोलायला? पन्नास वर्षं तिच्या हातचे गणपती पुजलेत तुम्ही. हात लागला म्हणून रंग कशाला पळेल? हातावर काही असेल तर रंग पळेल, नुसत्या हाताने..."

वाक्य तिथेच थांबलं.

तो माणूस माझ्याकडे बघत उभा होता. त्याने अशुभ वगैरे काही म्हटलंच नव्हतं. ते मी त्याच्या तोंडी घातलं होतं. त्याने जे बघितलं होतं तेच सांगितलं होतं: हात लागला की थारत नाही, नाही लागला तर थारतो. माझ्या हाताखालच्या शिकाऊ केमिस्टने इतकं नेमकं निरीक्षण वहीत लिहिलं असतं, तर मी त्याची पाठ थोपटली असती.

तरी मी खात्री करून घेतली. कोपऱ्यात एक मोडलेली सोंड पडली होती, रंगवलेली. मी माझ्या तळव्याला मलम चोळलं, पाच मिनिटं थांबलो, मग सोंडेचा अर्धा भाग तळव्याने पुसला आणि अर्धा तसाच ठेवला. काळ्या रंगात ब्रश बुडवून इकडून तिकडे एक रेघ ओढली. मला चित्रकला येत नाही, माझा हात खरोखरच थरथरत होता. स्वच्छ भागावर रेघ वाकडीतिकडी पण अखंड आली. पुढे गेली आणि तिचे ठिपके झाले. त्या गाड्यांच्या कारखान्यात मुकादमाला मी हेच करून दाखवलं होतं, पत्र्याच्या तुकड्यावर.

मी सोंड घेऊन पडवीत गेलो. आत्या सूप पाखडत होती. मी सोंड तिच्यापुढे धरली आणि सगळं सांगितलं. तेल कागदाला डाग पाडत नाही, पण थर धरतं. तू हात फिरवतेस तिथेच तो थर बसतो, आणि रेघही तिथेच ओढायची असते. पुसलंस तरी पुन्हा हात फिरवतेस. तुझ्या हाताला काही झालेलं नाही. थरथर नाही, काही नाही. चूक माझी.

तिने सोंड हातात घेतली. ठिपक्यांवरून बोट न लावता नजर फिरवली. मला वाटलं, आता ती रडेल, नाहीतर हसेल.

"मी विचारलं होतं तुला," ती म्हणाली.

"हो."

"दोनदा विचारलं होतं."

हे दुसऱ्यांदाचं मी वर लिहिलेलं नाही, कारण ते मला लिहायचं नव्हतं. तिसरी मूर्ती फसली तेव्हा तिने मला बाजूला बोलावलं होतं. म्हणाली होती, "त्या मलमाचं तर नसेल ना रे? हात कसा परका वाटतो." आणि मी म्हणालो होतो, "आत्या, ज्यातलं आपल्याला कळत नाही त्यात बोलू नये." एवढं म्हणून मी निघून गेलो होतो. पन्नास वर्षं आपल्या हाताला ओळखणाऱ्या बाईने माझ्यावर विश्वास ठेवून स्वतःच्या हातावर अविश्वास दाखवला. ती रोज सकाळी मलम लावत होती, कारण मी रोज सकाळी विचारत होतो.

"हे निघतं कशाने?" तिने विचारलं. त्या घटकेला तिला माझ्याकडून तेवढंच हवं होतं.

रॉकेलने पुसायचं, मग भांड्यांचा साबण, मग पुन्हा रॉकेल, पुन्हा साबण. नुकत्या भरलेल्या चिरांना ते झोंबतं. तिने ओठ घट्ट मिटून चार वेळा हात धुतले, मी पाणी घालत होतो. माझ्या हातांनाही तेच लागलेलं होतं, म्हणून दादाने मला शेडमध्ये यायची बंदी केली. त्या फवारणीवाल्याने तोड काढली. त्याने माझ्या दोन्ही मनगटांना दुधाच्या पिशव्या बांधल्या आणि म्हणाला, "आता या साहेब." तशा पिशव्या बांधून मी अकरा चेहरे बारीक कागदाने घासले. सगळे हसत होते. मीही हसायला हवं होतं, पण मला ते जमत नव्हतं. मग त्याने त्या चेहऱ्यांवर पुन्हा रंग चढवला.

तिसऱ्या दिवशी सकाळी आत्याने डबा उघडला. हात पुन्हा फाटायला लागले होते. मी दारातूनच म्हणालो, "आत्या, यंदापुरता चेहऱ्याला हात नको लावूस. उगाच धोका नको." शास्त्राला धरून सांगितलं होतं. तिने मान वर केली.

"मग डोळे नाही काढणार मी," ती म्हणाली.

तिने कोरडा तळवा कपाळावर ठेवला आणि सावकाश खाली आणला. भेग रंगाला घासल्याचा बारीक आवाज आला. "बघ हां नीट." ब्रशचं टोक नखावर फिरलं. रेघ एका कोपऱ्यातून निघाली आणि दुसऱ्या कोपऱ्यात पोहोचली. ती मधे कुठेही थांबली नाही, कुठेही फुटली नाही. फवारणीवाल्याने कंप्रेसर सुरू केला आणि सगळे आपापल्या कामाला लागले. पेणचा आखणीवाला संध्याकाळच्या एसटीने परत गेला, जाताना सांगून गेला की कलर आता जरा बरा वाटतो.

मलमाची बरणी मी धुतली नाही, फेकून दिली. आत्याचे हात चतुर्थीपर्यंत रक्ताळलेले होते आणि गौरी गेल्यावर तिने कोकमतेल लावलं. मला ती एका शब्दानेही टाकून बोलली नाही. ती रागावली असती तर मला जरा हलकं वाटलं असतं. चारचौघांत मी तिचं वय काढलं होतं, आणि त्यावर उतारा म्हणून चारचौघांत मी काय बोललो, तर काहीच नाही. खूप दिवसांनी एका बारशात तो केसांच्या मुकादमाचा किस्सा सांगायला कुणीतरी मला गळ घातली. मला पहिलं वाक्यसुद्धा जुळवता येईना. मी पाणी प्यायलो आणि उठलो.

यंदाच्या श्रावणात दादाने नवी सोनेरी रंगाची बाटली आणली. मुकुटाला लावायची, पण तिचे शिंतोडे चेहऱ्यावर उडतात. मी शेडच्या दारात उभा होतो, हात साबणाने धुऊन. आत्याने ती बाटली उचलली, हलवली, झाकण उघडून वास घेतला आणि माझ्यापुढे धरली.

"यात काय असतं रे? रंगाला चालेल?"

बाटलीवर काय काय छापलं होतं. त्यातलं निम्मं मला कळत होतं आणि उरलेल्या निम्म्यावर मी अगदी ऐटीत बोलू शकलो असतो. सगळे माझ्याकडे बघत होते.

"माहीत नाही, आत्या," मी म्हणालो. "करून बघून सांगतो."

"बघ," ती म्हणाली आणि हातातला ब्रश खाली ठेवला. "मी थांबते."